खाडीचं कुलूप

प्रणाली कासेकर रसायनशास्त्र शिकून खारशेतला परत आली, तेव्हा गावात कुणाला त्याचं फारसं कौतुक वाटलं नाही. खारशेतमध्ये 'केमिकल' हा शब्द शिवीसारखाच वापरला जायचा. वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, औद्योगिक वसाहत, खाली खाडी आणि दोन्हींच्या मध्ये गाव. खतांचे, औषधांचे, रंगांचे कारखाने आपलं सांडपाणी एका सामायिक प्रक्रिया केंद्रात पाठवायचे आणि तिथून ते जाड पाइपाने खाडीत यायचं. प्रक्रिया होऊनही त्या पाण्याला मुतारीसारखा उग्र वास असायचा. प्रणालीने नोकरी धरली ती नेमकी त्याच केंद्रात.

कौतुक होतं ते एकट्या गुणामावशीला. गुणवंती ही प्रणालीच्या आईची थोरली बहीण. आई गेली तेव्हा प्रणाली धड चालायलाही शिकली नव्हती. मावशीने तिला आपल्या मुलाबरोबर, नितेशबरोबर, वाढवलं. मावशीचा धंदा तिसऱ्यांचा, म्हणजे खाडीतल्या खायच्या शिंपल्यांचा. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरायचं, पायाच्या बोटांनी शिंपल्या चाचपायच्या, वाकून काढायच्या आणि पाटी भरली की धुऊन तालुक्याच्या बाजारात नेऊन विकायच्या. गावातल्या निम्म्या बायका हेच करायच्या. प्रणाली शाळेत असताना तिसऱ्या कमी होत गेल्या आणि एका उन्हाळ्यात चिखलात नुसत्या उघड्या, रिकाम्या शिंपल्या हाताला लागल्या. मावशी काजूच्या कारखान्यात जायला लागली. काजूच्या टरफलातल्या तेलाने तिच्या बोटांची कातडी काळी पडून सोलून निघायची. त्या बोटांनी ती प्रणालीची वेणी घालायची तेव्हा केस अडकायचे.

तिसऱ्या कशाने मेल्या, हे प्रणालीला कॉलेजात गेल्यावर कळलं. सांडपाण्यात अमोनियम होतं. ते अमोनियम म्हणून राहतं तोवर बऱ्यापैकी निरुपद्रवी असतं, पण पाणी तापलं किंवा किंचित अल्कधर्मी झालं की त्यातल्या काही भागाचा अमोनिया होतो. हा अमोनिया कल्ल्यांतून थेट प्राण्याच्या रक्तात शिरतो. शिवाय अमोनियम खाऊन जगणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात. तळाच्या चिखलात श्वास घ्यायलाच काही उरत नाही. मासा पळून जाऊ शकतो. शिंपली कुठे जाणार?

अमोनियम काढायची रासायनिक रीत जुनीच होती. सांडपाण्यात मॅग्नेशियम आणि फॉस्फेट टाकायचं, पाणी थोडं अल्कधर्मी करायचं. तिन्ही मिळून खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे पांढरे स्फटिक तयार होतात आणि तळाशी बसतात. अडचण होती फॉस्फेटच्या किमतीची. रोज टनावारी फॉस्फेट कुठलाही कारखाना टाकणार नाही. त्यावरही एक तोड माहीत होती. स्फटिक तापवले की त्यातला अमोनिया वायू होऊन निघून जातो आणि उरलेली पूड पुन्हा नवं अमोनियम पकडू शकते. पण चार-दोन फेऱ्यांत ती पूड थकायची, तिचे गोळे व्हायचे. प्रणालीने पुण्याच्या प्रयोगशाळेत घालवलेली वर्षं या एका थकव्यावर गेली. भाताच्या तुसाच्या राखेतली सिलिका त्या पुडीत विशिष्ट पद्धतीने मिसळली, तर कण एकमेकांना चिकटत नाहीत आणि तीच पूड महिनोन्‌महिने राबते, हे तिने दाखवून दिलं. तोवर मोठी जहाजं अमोनियावर चालायला लागली होती. सांडपाण्यातून निघालेला अमोनिया बंदरावर इंधन म्हणून विकला जाऊ लागला. जे फेकायला खर्च यायचा, त्यालाच गिऱ्हाईक मिळालं.

केंद्राचे व्यवस्थापक सबनीस हे मूळचे यंत्रांचे माणूस, रसायनांचे नव्हेत. पण त्यांनी प्रणालीवर भरवसा टाकला आणि संचालकांशी भांडून तिचं युनिट उभं केलं. गावाचा विश्वास बसावा म्हणून एसटी थांब्यावर एक फलकही लावला. खाडीत बसवलेल्या संवेदकांवरून त्या त्या क्षणीचं अमोनियम आणि प्राणवायू त्यावर दिसायचा. पाणी वाईट असेल तर आकडे लाल, ठीक असेल तर हिरवे. सुरुवातीला लोक त्या फलकाकडे बघून हसायचे. मग आकडे हळूहळू लालाचे पिवळे आणि पिवळ्याचे हिरवे झाले. वास गेला. बगळे आले. पोरं गळ टाकून बसायला लागली.

तिसऱ्या यायला आणखी दोन वर्षं लागली. एका रविवारी मावशीने प्रणालीला हाताला धरून चिखलात उतरवलं. कुठे नेतेस, काय आहे, असं प्रणाली विचारत राहिली. मावशीने वाकून एक शिंपली काढली, पाण्यात खळबळली आणि प्रणालीच्या तळहातावर ठेवली. शिंपलीने आपलं तोंड घट्ट मिटून घेतलं.

"जिती हाय," मावशी म्हणाली. एवढंच म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

त्या वर्षी बायकांनी एकेक करून काजूचा कारखाना सोडला. मावशीचा आवाज बदलला, चाल बदलली. बाजारात जाऊन आली की ती गिऱ्हाइकांच्या नकला करून दाखवायची. नितेश मासेमारीच्या मोठ्या बोटीवर असायचा, महिना-महिना घरी नसायचा. त्याची बायको अक्षता पहिलटकरीण होती आणि तिला डोहाळे लागले होते तेही तिसऱ्यांचेच. एका शिंपेसकट शिजवलेली, ओल्या खोबऱ्याची, कोकमाचं आगळ घातलेली एकशिपी ती सकाळ-संध्याकाळ खायची आणि शिंपा चोखून ताटाच्या कडेला रचून ठेवायची. रविवारी प्रणालीचंही पान तिथेच असायचं. आपण शोधलेलं काहीतरी माणसांच्या ताटात येऊन पडतं, हे सुख थोड्यांनाच मिळतं, असं तिला वाटायचं.

केंद्राने मोठा कार्यक्रम करायचं ठरवलं. पाहुणे येणार होते, खाडीच्या काठावर जेवण होणार होतं आणि गुणामावशीला शाल-श्रीफळ मिळणार होतं. त्या निमित्ताने प्रणालीने आपला शोधनिबंध पुरा करायला घेतला. जिवंत तिसऱ्यांच्या शरीरात अमोनिया किती कमी आहे, हे दाखवणारा एक तक्ता तिला हवा होता. मावशीच्या पाटीतल्या मूठभर तिसऱ्या तिने प्रयोगशाळेत आणल्या. यंत्र नवीन होतं, एकाच नमुन्यातलं अमोनियापासून धातूंपर्यंत सगळं मोजून द्यायचं. अमोनियाचा आकडा तिला हवा होता तसाच आला. त्याच्याखाली कॅडमियमचा आकडा होता. तो बघून तिला आधी वाटलं, नळी नीट धुतली गेली नसावी.

तिने नळी धुतली आणि पुन्हा मोजलं. मग स्वतः ओहोटीला जाऊन वेगवेगळ्या जागच्या तिसऱ्या आणल्या. खाडीच्या मुखाजवळच्या चांगल्या निघाल्या. गावासमोरच्या पट्ट्यातल्या सगळ्या वाईट.

केंद्राच्या पाइपातून कॅडमियम येत नव्हतं, हे तिने पहिल्यांदा तपासलं. मग गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं. तिच्या जन्माच्याही आधी सड्यावर रंगाचा एक कारखाना होता. पिवळाधमक रंग बनायचा आणि ओढा हळदीसारखा वाहायचा, असं ते सांगत होते. तो कारखाना कधीच बंद पडला, जागेवर गवत उगवलं. पण त्या पिवळ्यातलं कॅडमियम खाडीच्या गाळात जाऊन बसलं होतं. मग इतकी वर्षं ते कुठे होतं? याचं उत्तर प्रणालीला गाळाचे नमुने तपासताना सापडलं. प्राणवायू नसलेल्या चिखलात गंधक असतं. ते कॅडमियमला धरून ठेवतं, असं घट्ट की ते पाण्यात विरघळत नाही, कुणाच्या पोटात जात नाही. अमोनियमने खाडीतला प्राणवायू संपवला होता आणि त्याच मेलेल्या चिखलाने विष कुलपात ठेवलं होतं. प्रणालीने अमोनियम काढलं. प्राणवायू परतला. तिसऱ्यांनी चिखल उकरला, हवा खोल गेली, गंधकाची पकड सुटली. आणि दिवसभर पाणी गाळून जगणाऱ्या त्या शिंपल्यांनी सुटलेलं कॅडमियम कण-कण करून आपल्या अंगात साठवलं. कुलूप तिनेच काढलं होतं.

कॅडमियम माणसाच्या मूत्रपिंडात बसतं आणि दशकानुदशकं तिथून हलत नाही. हाडं ठिसूळ करतं. ज्यांच्या अंगात लोह कमी, त्यांच्या शरीरात ते जास्त शोषलं जातं. म्हणजे गरोदर बायकांच्या. फलकावर यातलं काहीच नव्हतं. फलक हिरवाच होता.

सबनिसांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. कागदावरचे आकडे दोनदा वाचले. ते आरडाओरडा करणारे गृहस्थ नव्हते, त्यामुळे ते जे बोलले ते प्रणालीला टाकून देता येईना. त्यांचं म्हणणं असं, की गेली कित्येक वर्षं या बायकांनी दुःखच पाहिलं आहे. त्यांना तुम्ही विष खाल्लंत असं सांगून काय मिळणार? उरलेला जन्म त्या भीतीत काढतील. त्यापेक्षा दुरुस्तीच्या नावाखाली युनिट काही आठवडे बंद ठेवावं. अमोनियम वाढेल, फलक लाल होईल, तिसऱ्या मरतील आणि लोक आपोआप थांबतील. गाळही पुन्हा आपलं विष धरून ठेवेल.

"शिव्या आपल्याला बसतील," ते म्हणाले. "त्याची सवय आहे मला. पण कुणाच्या पोटात काही जाणार नाही. तुमच्या मावशींच्यासुद्धा."

ते कावेबाजपणाने बोलत नव्हते. कार्यक्रम, पाहुणे, संचालक यांपैकी कशाचंही नाव त्यांनी काढलं नाही.

दुपारी प्रणाली नियंत्रण कक्षात गेली. युनिट बंद करण्याचा अधिकार तिच्याकडे होता, कुणाची सही लागत नव्हती. पडद्यावर पूड फिरत होती, पाणी येत होतं, स्वच्छ होऊन जात होतं. बटण दाबलं की अक्षताच्या ताटातली एकशिपी बंद होईल आणि मावशी केंद्राला शिव्या घालत काजूच्या कारखान्यात परत जाईल. प्रणालीला मात्र कुणी शिव्या घालणार नाही. ती खुर्चीत बसली. सबनिसांचं म्हणणं रसायनशास्त्र म्हणून चूक नव्हतं, आणि तेच तिला सहन होत नव्हतं. खाडी सुरक्षित हवी असेल तर ती मेलेली ठेवायची, कायमची, आणि का मेली ते कुणाला कळू द्यायचं नाही. जेव्हा केव्हा कुणी पुन्हा ती जिवंत करू बघेल, तेव्हा हेच होईल, आणि तेव्हा कदाचित मोजणारं कुणी नसेल.

ती उठली आणि थेट मावशीकडे गेली.

मावशी अंगणात पाटी धूत होती. अक्षता पायरीवर बसली होती. प्रणालीने आधी अक्षताला सांगितलं, की आजपासून तिसऱ्या खायच्या नाहीत आणि उद्या आपण तालुक्याच्या दवाखान्यात जायचं. मग का ते सांगितलं. पिवळा ओढा, चिखल, गंधक, हवा, सगळं, जमेल तितक्या सोप्या शब्दांत. अक्षताचा हात आपोआप पोटावर गेला. मावशी पाटी धूतच राहिली. धुवून झाल्यावर तिने ती भिंतीशी उपडी घातली.

"तवा पाण्याला वास मारायचा," ती म्हणाली. "वाईट हाय ते नाकाला कळायचं. आता वास नाय, रंग नाय. चव पण चांगली. मग माणसानं ओळखायचं कसं?"

"नाही ओळखता येत, मावशी. मोजावंच लागतं."

"म्हणजे तू सांगशील ते खरं मानायचं."

मावशीने ओले हात पदराला पुसले.

"तूच आणलंस," मावशी म्हणाली, "नि तूच काढून घेतेस." आवाज चढला नव्हता. ती आत गेली आणि दार लोटून घेतलं. कडी मात्र लावली नाही. प्रणाली अंगणातून निघाली.

सबनिसांना तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं, की युनिट चालू राहील आणि गावाला सगळं कळेल. ते म्हणाले, ठीक आहे, मग मीही येतो. कार्यक्रम रद्द झाला. त्याच मांडवात गावाची सभा झाली. प्रणाली बोलली, सबनीस तिच्या शेजारी उभे राहिले. बायकांनी विचारलेले प्रश्न साधे होते आणि त्यांना चांगली उत्तरं नव्हती. आम्ही किती खाल्लं? ते बाहेर कसं काढायचं? बाजारात ज्यांना विकल्या त्यांना काय सांगायचं? एकीने विचारलं, की मरू दिलेल्या खाडीत आम्ही निदान जगत होतो, ती जिवंत करायला तुला सांगितलं कोणी होतं? प्रणाली म्हणाली, कुणी नाही. मावशी मागच्या रांगेत बसली होती. ती सभा संपण्याआधी उठून गेली.

दवाखान्यात तपासण्या झाल्या. काहींच्या लघवीत कॅडमियम वाढलेलं निघालं, मावशीच्या त्यात जास्त. मूत्रपिंडं अजून शाबूत होती. अक्षताचं प्रमाण थोडं वर होतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या वाढवल्या आणि वेळेवर थांबलात असं म्हटलं. तिला मुलगी झाली, वजनाने जरा कमी, पण धडधाकट. बारशाला प्रणालीला बोलावणं आलं नाही. बारसं झाल्यावर एके दिवशी अक्षता स्वतःच बाळाला घेऊन केंद्राच्या फाटकाशी आली, ते प्रणालीच्या हातात दिलं आणि तितका वेळ बाजूला उभी राहिली. मावशी कशी आहे, असं प्रणालीने विचारलं. काजूला जातात, अक्षता म्हणाली, बोलत नाहीत फारशा.

प्रणालीने फलकावर कॅडमियमचा रकाना वाढवला. तो लाल होता आणि पुढची कित्येक वर्षं लालच राहणार होता. सुटलेलं कॅडमियम पाण्याबरोबर हळूहळू समुद्राकडे जाईल, वर नवा गाळ बसेल, पण त्याला पंधरा वर्षं लागतील की पंचवीस, हे तिला सांगता येत नव्हतं. मधल्या काळासाठी तिने आणि सबनिसांनी एक योजना मांडली. गावासमोरची तिसऱ्यांची बारीक, नुकती जन्मलेली पिल्लं उचलून खाडीच्या मुखाजवळच्या स्वच्छ वाळूत पेरायची आणि तिथे वाढवायची. इतक्या लहान वयात त्यांच्या अंगात काही साठलेलं नसतं. पण योजनेवर सह्या करायला बायका तयार नव्हत्या. केंद्राचं आता काही ऐकायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं, आणि त्यांना दोष देणं प्रणालीला जमत नव्हतं.

मग एक वेगळीच गोष्ट घडली. खारशेतच्या बायका चिखलात उतरायच्या थांबल्या, त्यामुळे तिसऱ्या मोठ्या झाल्या, दाट झाल्या. खाडीपलीकडच्या गावात फलक नव्हता. तिथल्या बायकांनी इकडची सुनी ओहोटी पाहिली आणि होडी घालून त्या या काठाला आल्या. प्रणाली त्या सकाळी नमुने घ्यायला आली होती. कांदळाच्या झाडांपलीकडून तिला बोलणं ऐकू आलं, आणि आवाज ओळखीचा वाटला म्हणून ती थांबली.

काजूच्या कारखान्याला निघालेली गुणामावशी वाटेतच चपला काढून, साडी गुडघ्यापर्यंत खोचून चिखलात उतरली होती. समोर दोघी परक्या बायका होत्या, पाट्या निम्म्या भरलेल्या. मावशी त्यांना सांगत होती, की इथल्या चिखलात जुनं विष हाय, पिवळ्या रंगाचं. पाणी घाण होतं तवा चिखलानं ते दाबून धरलेलं. पाणी साफ झालं, हवा आत गेली, तशी चिखलाची मूठ सुटली. आता ते शिंपल्यांच्या पोटात हाय. जिभेला कळत नाय. नाकाला कळत नाय. पोटुशी बाई असंल घरात तर तिला तर देऊच नका.

त्यातली एक हसली. एवढ्या ताज्या तिसऱ्या आणि म्हणे विष. तुला हे सांगितलं कुणी, असं तिने विचारलं.

"माझ्या लेकीनं," मावशी म्हणाली. "ही खाडी साफ केली ती तिनंच. नि खाऊ नका म्हणून सांगते ती पण तीच. दुसरीनं सांगितलं असतं तर मी पण नसतं ऐकलं."

 मग एकीने पाटी तिरकी केली आणि तिसऱ्या परत चिखलात ओतल्या. दुसरीने आपली पाटी उचलून कमरेवर घेतली आणि ती होडीकडे चालू लागली. मावशीने तिला थांबवलं नाही. तिच्या मागोमाग चिखल तुडवत निघाली, आणि पिवळ्या ओढ्यापासून सगळं पुन्हा सांगायला लागली.